शेगडीमागची काच

आईची गाडी हावड्याला लागायचा दिवस जवळ येत चालला होता आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत अजून ओलीच होती. ऑफिसला निघण्याआधी मी तिला तळहात लावून बघायचो आणि संध्याकाळी परतल्यावर बूट काढायच्या आत पुन्हा. बायको म्हणायची, "अहो, ताप बघितल्यासारखा काय हात लावता? भिंत आहे ती. काढा देऊ का करून तिला?"

मी हसायचो, पण मला बसवत नसे. व्हरांड्यात जायचो, तिथून गल्लीच्या तोंडाशी, तिथून परत भिंतीपाशी.

भवानीपुरात एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आम्ही दोन खोल्या घेऊन राहत होतो. मागच्या व्हरांड्याचा एक तुकडा बंद करून काढलेलं स्वयंपाकघर. फाळणीनंतरची वर्षं होती, शहरात जागा मिळणं कठीण, तेव्हा जे मिळालं त्यात आम्ही समाधानी होतो. फक्त ती भिंत सोडून. इथे घरोघर लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली कोळशाची शेगडी असते. आमच्या आधीच्या सगळ्या बिऱ्हाडांनी ती त्याच भिंतीपाशी पेटवली असणार. चुना मारावा तर तो बघता बघता पिवळा, मग तपकिरी आणि मग पुन्हा काळा. वर ओल. आमटी ढवळताना पापुद्रे सुटून पातेल्यात पडायचे.

ती भिंत आईने बघू नये असं मला वाटत होतं, त्याला कारण होतं. मी अगदी लहान असताना वडील गेले. आईने विशी नुकतीच ओलांडली होती. वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या घरी ती स्वयंपाकाला राहिली. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्याच कंदिलाखाली मी शिकलो. माझ्या फीची काळजी त्यांनी आईला कधी पडू दिली नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्या पदवीत वकिलांचा वाटा किती नि आईच्या चुलीचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दोघांपुढेही मी हात जोडतो. पण त्या चुलीने आईचे डोळे खाल्ले होते. ते कायम लाल असत, पाझरत असत. नोकरी लागून मी कलकत्त्याला आलो, लग्न झालं, तरी ती तिथेच होती. कितीदा बोलावलं. दर वेळी म्हणायची, "पाहू." या खेपेला म्हणाली, "येते. पण राहीन असं धरून चालू नको. मला रुचलं पाहिजे." वकिलीणबाईंनी तिची जागा संक्रांतीपर्यंत राखून ठेवली होती. म्हणजे तेवढ्या अवधीत ती इथे रमली तर रमली, नाहीतर पुन्हा तो धूर.

अलीपूरला आमच्या वरच्या साहेबांच्या घरी एकदा आम्ही जेवायला गेलो होतो. तिथे चुलीमागची भिंत पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्यांची होती आणि त्यांचा आचारी ती ओल्या फडक्याने पुसत होता. एक हात फिरवला की स्वच्छ. मी जेवण विसरून बघत राहिलो. घरी येताना ट्राममध्ये बायको म्हणाली, "तुमच्या मनात काय आहे ते मला समजलंय. साहेबांच्या घरात भिंत बघायला गेला होतात की जेवायला?"

तशा नव्या फरश्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, बेहालाला जुन्या इमारतींचं सामान विकणारे आहेत, तिथे बघा. रविवारी गेलो. दारं, गज, संडासची भांडी यांच्या ढिगाआड काचेच्या फरश्या रचून ठेवल्या होत्या. जाड, आरपार न दिसणाऱ्या, बाटलीच्या हिरव्या रंगाच्या, इतक्या गडद की सावलीत काळ्याच वाटाव्यात. धर्मतल्यावरच्या एका औषधाच्या दुकानातल्या होत्या म्हणे. दुकानाचा गोरा मालक विलायतेला निघून गेला आणि नव्या मालकाने त्या उचकटून टाकल्या. मी खिशातला रुमाल काढून एक फरशी पुसली. धूळ गेली आणि आतून माझा चेहरा वर आला, चष्म्यासकट. मला तो त्या फरशीचा गुणच वाटला.

मिस्त्री पूर्व बंगालातल्या बरिसालकडून आलेला होता. घर, शेत सगळं पलीकडे टाकून आलेला माणूस, पण त्याबद्दल एका शब्दाने बोलत नसे. बाकी अखंड बोले. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही उसनी. कुठपर्यंत लावायच्या, असं त्याने विचारलं आणि स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. बायकोने मान हलवली. आमच्याकडे स्वयंपाक बसून होतो. तिने पाट मांडला, शेगडीपुढे बसून दाखवलं आणि हात डोक्याच्या वर नेला. "इथपर्यंत."

"फक्त एवढ्याच? वर काय माशा बसणार?" मिस्त्री म्हणाला.

"वर आमची नजर जात नाही. बसल्यावर समोर जी येते तीच आमची भिंत," बायको म्हणाली, आणि त्याने तिथे कोळशाने रेघ मारली.

जुनं प्लास्टर ठोकून काढायला त्याने सुरुवात केली तेव्हा भिंतीच्या पलीकडून घरमालकीणबाई धावत आल्या. त्याही विधवा, पांढरं बिनकाठाचं पातळ नेसलेल्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा. आम्ही त्यांना मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत असू आणि त्या बायकोला बौमा, म्हणजे सूनबाई.

"बौमा! माझी लोणच्याची बरणी फळीवरून चालायला लागली! आणखी दोन घाव घातलेस तर ती तुझ्याकडे राहायला येईल!"

"मग पाठवा की, मासीमा," बायको म्हणाली. "भाडं घेणार नाही मी तिच्याकडून."

मिस्त्रीने खालच्या दोन ओळी बसवल्या आणि "पक्की झाली, आता हत्ती बांधा" असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्ध्या फरश्या घसरून जमिनीवर टेकलेल्या. त्यांच्या पाठीवरच्या खाचांमध्ये जुनं डांबर भरलेलं होतं, त्यावर सिमेंट धरेना. मिस्त्रीने भिंतीला शिव्या घातल्या, मग सिमेंटला, मग औषधाच्या दुकानाला. शेवटी संध्याकाळी मी आणि बायको व्हरांड्यात बसून उलथण्याने नि जुन्या सुरीने ते डांबर खरवडत राहिलो. गल्लीत घरोघर शेगड्या पेटल्या होत्या, धूर खाली बसला होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हेच पाणी आईच्या डोळ्यांतून किती वर्षं आलं असेल असं मनात यायचं आणि मी जोराने खरवडायला लागायचो. बायको म्हणायची, "हळू. काच आहे, डाळीच्या भांड्याची खरपुडी नाही."

आई उतरली त्याच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं. मासीमा बघायला आल्या. फरश्यांपुढे वाकून त्यांनी चष्मा नीट केला, कपाळावरची बट मागे सारली आणि आपल्याच प्रतिबिंबाला म्हणाल्या, "ए बुढी, किती सुकलीस!" आम्ही तिघंही हसलो.

आई आली. तांबडं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, हातात पितळी तांब्या. हावड्याच्या गर्दीत तिने माझा दंड पकडला तो घर येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून, सोवळ्याने ती स्वयंपाकघरात आली. मी मुद्दाम दारात घुटमळत होतो. मला तिचा चेहरा बघायचा होता.

"अगं बाई," ती भिंत बघून म्हणाली. "राजाच्या घरात आणलं काय रे मला?"

"पुसली की झालं, आई. चुना नको, पोतेरं नको."

ती पाटावर बसली. शेगडीवर आधण ठेवलं. वर बघितलं, आणि एकदम उठली. पाट पायाशी लागून सरकला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. मीठ कुठं आहे?" मीठ तिच्या गुडघ्यापाशीच होतं. मग तिने पाट फिरवून घेतला आणि भिंतीकडे खांदा करून, हात लांब करकरून सगळा स्वयंपाक केला. आमटी उतू गेली. माझ्या आईच्या हातून आमटी उतू गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर तिने शेगडी व्हरांड्यात नेली. "इथं वारा बरा आहे," म्हणाली. वारा असा होता की कोळसे फुलायच्या ऐवजी राख उडायची आणि धूर सरळ तिच्या तोंडावर यायचा. वरच्या मजल्यावरून खोकल्याचे आवाज यायचे, मुद्दाम काढलेले. ज्या धुरातून तिला सोडवायला आणलं तोच धूर ती पुन्हा डोळ्यांत घेत बसली होती, आणि आत ती हिरवी भिंत चकचकीत, कोरी, बिनकामाची उभी होती.

मला काही सुधरेना. ऑफिसात फाइल उघडायचो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. काच कुठल्या दुकानातली, कोणाकोणाचे हात लागलेले, म्हणून सोवळ्याला चालत नसेल का? मी विचारलं.

"काच कधी विटाळते का? शिकलेला आहेस ना तू?"

भिंतीपलीकडे मासीमांच्या सुना मासळी तळतात, त्याचा वास?

"त्यांच्या घरात त्या काहीही तळोत. मला काय त्याचं."

मग काय? "तुझ्या घरी भिंत आहे, छप्पर आहे, बायको गुणी आहे. काय व्हायचंय?" असं म्हणून ती तांदूळ निवडायला घेई. पण एकदा मी दाराशी आलो तेव्हा ती बायकोला विचारत होती, नागपूरकडे जाणारी गाडी रोज असते की वारांवर असते. मी आत न जाता तसाच परत फिरलो, कालीघाटाच्या दिशेने बराच चालत गेलो, आणि कशासाठी निघालो होतो हे न आठवून परत आलो.

बायकोचंही बिनसलं होतं. तिला त्या भिंतीचा भारी अभिमान. शेगडी तिथे नसली तरी रोज सकाळी ती फडक्याने फरश्या लख्ख करायची. आई तिला म्हणाली, "कशाला ग रोज घासतेस? असू दे थोडी काळी."

बायको रात्रीच्या जेवणानंतर माझ्याजवळ पुटपुटली, "पुसलेलंही खुपतं आता. घाणेरडी ठेवली असती तर म्हणाल्या असत्या, सून आळशी आहे."

"आई तसं बोलत नाही."

"तुमच्या आई काहीच बोलत नाहीत. तीच तर पंचाईत आहे."

उलगडा तिनेच केला. मी ऑफिसातून आलो तर ती दारातच उभी होती, हाताला पीठ तसंच.

"अहो, आज सकाळी मी अंघोळ करून त्या काचेपुढे बसून कुंकू लावत होते. घाईत होते, म्हटलं आत कशाला जायचं आरशाकडे. मागून आत्याबाई आल्या. काचेत आमची नजरानजर झाली. त्यांनी पदर असा खाली ओढला, अगदी डोळ्यांवर, आणि भिंतीला धरत बाहेर गेल्या. त्या आरसा बघत नाहीत. तुम्हाला हे माहीत नाही?"

माहीत होतं, आणि नव्हतंही. वडील गेल्यावर आईने कुंकवाची पेटी तिच्या आरशासकट कोणाला तरी देऊन टाकली, हे मी ऐकलं होतं. आमच्या खोलीत आरसा नव्हता. मी भांग पाडायला शिकलो तो बोटांनी चाचपून, आणि मॅट्रिकच्या वर्गात मुलं माझ्या भांगाला नागमोडी रस्ता म्हणायची. तेव्हा कित्येक बायका असंच वागत. आरसा हा नवरा असलेल्या बाईचा, तो गेला की आरशाशी काम संपलं. पाण्यात, घासलेल्या पितळेत माणूस दिसतोच, पण ते ओझरतं. समोरासमोर बसून, रोज, स्वयंपाक होईपर्यंत स्वतःकडे बघत राहणं वेगळं. आणि आम्ही तर पाटावर बसलेल्या बाईच्या डोक्यापर्यंत मोजून काच लावली होती.

"उद्या काढून टाकतो," मी म्हणालो.

"आधी त्यांच्याशी बोला."

"काय बोलू? इतकी वर्षं ज्याबद्दल ती बोलली नाही त्याबद्दल मी बोलू?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्त्रीकडे गेलो तर तो दुसऱ्या कामावर बजबज नावाच्या गावी गेलेला. त्याच्या घरून छिन्नी आणि हातोडी मागून आणली. आई मागे नळावर होती. मी वरच्या कोपऱ्यातल्या फरशीच्या कडेला छिन्नी लावली आणि घाव घातला. फरशी निघाली नाही, कोपऱ्यात तडकली. पलीकडून मासीमांचा आवाज आला, "परत का? माझी बरणी!" आणि पाठोपाठ आई ओल्या हातांनी आत आली.

"काय चालवलंयस?"

"काढतोय."

"का?"

"तुला नको आहे म्हणून. सांगायचं तरी, आई. मी काय परका आहे?"

"मला नको असं कोण म्हणालं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती भाजी चिरायची थांबली होती. आईने माझ्या हातातून हातोडी घेतली, खाली ठेवली आणि तीही तिथेच टेकली, भिंतीकडे पाठ करून.

"पहिल्या दिवशी बसले ना," ती म्हणाली, "तर समोर माझी आई."

बायकोने विळी बाजूला सारली.

"खरंच सांगते. मला वाटलं, ही कशी आली इथं? तेच गाल बसलेले, तीच ओठांची मुरड. म्हणून दचकून उठले. मग कळलं. मी माझं तोंड शेवटचं बघितलं तेव्हा ते पोरीचं होतं रे. मध्ये काय काय झालं त्याचं, मला कोण सांगणार? वकिलीणबाई?" ती जराशी हसली. "आई गेली तेव्हा वकिलांच्या घरी लग्न होतं. पंगती उठत होत्या. मला जाता आलं नाही. तिचं तोंड बघितलं नव्हतं मी."

"मग शेगडी बाहेर का नेलीस?"

ती बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली.

"बघू नये म्हणतात. मी कधी बघितलं नाही, मनातसुद्धा आणलं नाही. आणि इथं दुसऱ्या दिवशी उठल्यापासून मला एकच लागून राहिलं, कधी एकदा आत जाऊन बसते. शोभतं का हे या वयात? भात शिजतोय आणि मी तिच्याकडे बघतेय. म्हणून बाहेर नेली. आणि म्हणून म्हटलं, जावं परत. तिकडे भिंत काळी आहे. तिकडे काही दिसत नाही."

बायको उठली. मला वाटलं ती काही मोठं बोलेल, समजावेल. ती नुसती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या आईला आमच्या घरी येऊन इतके दिवस झाले, आणि तुम्ही तिला एकटीला आत बसवून बाहेर स्वयंपाक करता? पाहुणीशी असं वागतात का तुमच्याकडे?"

आईने तिच्याकडे बघितलं. आधी रागाने बघितलं असं मला वाटलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय की रडतेय हे मला कळेना, कारण तिने पदर तोंडाला लावला होता.

"जीभ फार आहे हिला," ती मला म्हणाली. "कुठून आणलीस?"

"तूच पसंत केलीस."

"तेव्हा बोलली नव्हती ना ही." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ती शेगडी आत आण. जड आहे, मला नाही उचलवत. आणि ते छिन्नी-बिन्नी परत देऊन ये, कोणाचं आहे त्याला."

शेगडी आत आली. पाट सरळ मांडला. आई बसली तेव्हा मी बाजूलाच कोळशाची टोपली घेऊन उभा होतो, आणि मला खाली बघावं की वर हे सुचत नव्हतं. तिने आधण ठेवलं, तांदूळ वैरले, पातेल्यावर झाकण ठेवलं. मग मान वर केली. डोक्यावरचा पदर जरा मागे सारला, कपाळ दिसेल इतकाच. ती बघत राहिली. कुणीतरी फार दिवसांनी भेटल्यावर, हे नाक असंच होतं का, हा तीळ कुठला, असं माणूस बघतं तसं. भाताला उकळी आली, झाकण थडथडलं, तरी तिचा हात गेला नाही. बायकोने पुढे होऊन झाकण सरकवलं.

मला तरीही चैन नव्हतं. गाडीचं काय, संक्रांतीचं काय, ते तिने सांगितलंच नव्हतं. मी टोपली खाली ठेवली, उचलली, दाराकडे गेलो, परत आलो. तिच्या पाठीमागे उभा राहिलो आणि विचारायला तोंड उघडलं.

"मागे काय येरझाऱ्या घालतोयस? दिसतोयस मला," आई वळून न बघता म्हणाली. काचेत तिचे डोळे माझ्यावर होते, लाल, पाझरणारे, आणि सरळ. "वकिलीणबाईंना कळवून टाक. म्हणावं, दुसरी बाई बघा."